चार सडांची वाटणी

बाईसाहेब ही गाय होती. हे नाव तिला माईंनी दिलं, कारण वासरू असतानासुद्धा बादलीतलं पाणी कोमट नसेल तर ती तोंड लावायची नाही. ती आठ दिवसांची असताना तिची आई गेली. मग माईंनीच तिला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत आपली शाल पांघरली, आणि ते पाहून आप्पा म्हणाले की आता एक चष्मा पण करून आण तिला. तीच बाईसाहेब आता तिसऱ्यांदा व्यालेली होती, दिवसाला चौदा लिटर दूध देत होती आणि गल्लीत तिच्यासारखी दुसरी गाय नव्हती.

या घरात धार काढायची रीत मात्र जगावेगळी होती. लग्न झालं तेव्हा आप्पांना धार काढता येत होती आणि माईंनाही येत होती, आणि एकाला दुसऱ्याचा हात पसंत नव्हता. आप्पा म्हणायचे ही सड ओढते, माई म्हणायच्या हे नुसते कुरवाळत बसतात. आठवडाभर वाद घालून शेवटी वाटणी झाली. भिंतीकडचे दोन सड माईंचे, दाराकडचे दोन आप्पांचे, खाली बादली एकच. तेव्हापासून चाळीस वर्षं गेली, गाई बदलल्या, गोठ्यावरचे पत्रे बदलले, पण वाटणी तीच राहिली. गाईच्या अल्याड माई बसायच्या, पल्याड आप्पा बसायचे, दोघांची डोकी तिच्या पोटाला टेकलेली आणि तोंडाचा पट्टा सुरू. गळक्या नळापासून ते कुणाच्या मावसभावानं कुणाच्या लग्नात काय म्हटलं इथपर्यंत सगळं निघायचं. सहा-सात मिनिटांत बादली भरली की भांडण आहे तिथेच टाकून दोघं चहाला आत जायची.

तर अशा या सुरळीत संसारात काडी पडली ती दूध केंद्रावर. त्या सकाळी तपासनिसानं नमुना यंत्रात घातला, आकडा बघितला आणि म्हणाला, आज सगळ्यात जास्त फॅट तुमच्या दुधाला. रांगेत आठ माणसं होती. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आमच्या दाराकडच्या बाजूचं दूध पहिल्यापासूनच दाट."

माई त्यांच्या मागेच उभ्या होत्या, पेंडीचं पोतं सांगायला आलेल्या. आता एका बादलीत पडलेल्या दुधातलं दाट कुणाचं आणि पातळ कुणाचं हे देवालाही सांगता यायचं नाही, पण माईंचं म्हणणं तेवढंच नव्हतं. चाळीस वर्षं पाठीचा काटा मोडून धार काढली आणि आठ माणसांत हा माणूस म्हणतो की माझं ते पातळ. त्यांनी पोतं सांगितलं नाही, मागे वळल्या आणि तडक घरी आल्या. घरी येऊन सुनेला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना सांग, मी आजपासून त्यांच्याशी बोलणार नाही."

सून टपाल कचेरीत नोकरीला होती. मुलगा लांबच्या गाड्या चालवायचा, महिन्यातले चार दिवस घरी. म्हणजे निरोपांची ने-आण करायला घरात ती एकटीच उरली. दिवसभर लोकांची पत्रं पोचवून आलेल्या त्या बिचारीला घरी आल्यावर चप्पलसुद्धा काढू द्यायचे नाहीत. सांग तुझ्या सासूला माझा टॉवेल कुठंय. सांग तुझ्या सासऱ्यांना, जिथे टाकला तिथेच आहे. दोघं एकाच खोलीत बसलेली, मध्ये चार हातांचं अंतर, आणि ही मान इकडे आणि तिकडे फिरवून थकलेली.

खरी पंचाईत गोठ्यात झाली. बोलायचं नाही तर एका बादलीवर समोरासमोर बसायचं कसं? मग बादल्या दोन झाल्या आणि वेळाही दोन झाल्या. आप्पा सहाला जाऊन आपले दाराकडचे दोन सड पिळून यायचे. ते चहा पिऊन वर्तमानपत्र उघडेपर्यंत माई घरातच थांबायच्या आणि साडेसहाला जाऊन भिंतीकडचे दोन पिळायच्या. बाईसाहेब पहिल्या दिवशी मान वळवून दोनदा बघत राहिली. माईंना वाटलं, जनावरालाही कळतं बघा अन्याय कुणावर झालाय ते.

दुसऱ्याच दिवशी माईंच्या लक्षात आलं की आपली बादली निम्मीसुद्धा होत नाही. सड ओढून ओढून बोटं दुखली पण धार म्हणून लागेना. तिकडे आप्पांची बादली चांगली पाऊण भरलेली. माईंना यात काळंबेरं दिसलं. हा माणूस सकाळी लवकर जाऊन माझ्या बाजूचे सडही पिळून घेतो, असं त्यांनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, आई, असं कोण करेल. माई म्हणाल्या, तू अजून यांना ओळखत नाहीस.

मग त्या साडेपाचला उठून आधी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांची बादली पाऊण भरली आणि आप्पांची रिकामी. आप्पांनी सुनेकरवी चोरीचा तोच आळ माईंवर घातला. दुसऱ्या दिवशी आप्पा पाचला उठले. शेवटी सुनेनं कचेरीतून एक कोरा कागद आणला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं की सम तारखेला आई आधी, विषम तारखेला आप्पा आधी, आणि तो गोठ्याच्या दारावर चिकटवला. चार दिवस शांततेत गेले. पण महिना होता एकतीस दिवसांचा. एकतीस तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशी एक तारीख, तीही विषम. लागोपाठ दोन दिवस आप्पा आधी गेले आणि माईंनी जेवण सोडलं. रात्रीचं नाही, दुपारचं, आणि तेही सून कचेरीत असतानाच. पण सोडलं हे खरं.

या सगळ्यात बाईसाहेबचं दूध चौदावरून बारावर आलं, बारावरून दहावर आणि मग एकदम सातावर. केंद्रावरचा तपासनीस कॅन उचलून बघायचा आणि काही न बोलता खाली ठेवायचा, ते माईंना सगळ्यात जास्त लागायचं.

उपाय दोघांनीही केले, फक्त एकमेकांना न सांगता. माईंनी आंबोणात, म्हणजे गाईच्या भिजवलेल्या खुराकात, मूठभर मिनरल पावडर घातली. आप्पांनीही घातली. माईंनी पेंड वाढवली. तासाभरानं आप्पांनीही वाढवली. शेजारणीनं सांगितलं की गाईला संगीत आवडतं, म्हणून आप्पांनी खुंटीला रेडिओ टांगला. त्यावर दिवसभर शेअर बाजाराच्या बातम्याच लागायच्या, कारण दुसरं स्टेशन धरायचं बटण फक्त माईंना जमायचं. माईंनी गोठ्यात पंखा लावला, तर आप्पांनी वारं लागेल म्हणून तिच्या पाठीवर पोतं बांधलं. बाईसाहेबचं पोट बिघडलं ते बिघडलंच. आता तो गोठा कसा झाला होता ते सांगत बसत नाही, झाडू मात्र दोन मोडले.

तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या उंच बूट घालून आल्या, कास दाबून पाहिली, डोळे पाहिले, शेण पाहिलं आणि विचारलं, आंबोण किती देता? माईंनी त्यांचं माप सांगितलं. आप्पांनी त्यांचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्हीची बेरीज केली आणि बराच वेळ गाईकडे बघत राहिल्या. मग विचारलं, पाणी कोण पाजतं? माई म्हणाल्या, दुपारचं ते बघतात. आप्पा म्हणाले, दुपारचं ती बघते. म्हणजे ज्या दिवशी अबोला धरला त्या दिवसापासून बाईसाहेबला दुपारी कोणीच पाणी दाखवलं नव्हतं. माईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला त्यांनी पाणी कोमट करून पाजलं तिच्यावर तहानेनं हंबरायची वेळ आली होती, आणि यांना वाटत होतं की ती रेडिओला कंटाळली.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. दुधातली गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिते, टाकी घासून कायम भरलेली ठेवा, पेंड एकदाच, पावडर एकदाच, पोतं काढा, पंखा राहू द्या. मग बॅग आवरता आवरता म्हणाल्या, "आणि धार कोण काढतं?"

"मी," माई म्हणाल्या. "मी," आप्पाही त्याच क्षणी म्हणाले.

सुनेनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण माईंनी अशी नजर टाकली की तिनं ते खोकण्यात घालवलं. घरातला अबोला घरात. परक्या बाईसमोर, तीही शिकलेली, त्याचे वाभाडे कशाला काढायचे? डॉक्टरीणबाईंना वाटलं आळीपाळीनं काढत असतील. वेळ पाळा, एवढं सांगून त्या गेल्या.

पाण्यानं पोट सुधारलं. दूध एक लिटरनं चढलं आणि आठावर अडून बसलं. पुढे हलेना.

आणि मग एका संध्याकाळी आप्पांनी ताटावर बसल्या बसल्या सुनेला म्हटलं की तुझ्या सासूला सांग, अशी अर्ध्या दुधाची गाय दावणीला बांधून काय करायचं, जनावरांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडलाय, तो रविवारी येतोय. सुनेच्या हातातला पेला तसाच राहिला. तिनं सासूकडे बघितलं. माईंना म्हणायचं होतं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, बाईसाहेबला विकायच्या गोष्टी करता? पण तसं म्हणायचं तर त्यांच्याशी बोलावं लागणार. आणि आधी मी बोलणार नाही, हे तर ठरलेलं. माईंनी पाण्याचा घोट घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "सांग त्यांना, बरं."

आप्पांचा घास हातातच राहिला. बरं, असं त्यांना ऐकायचं नव्हतं, हे सुनेला तोंडावरून दिसलं. माईंना दिसलं नाही, कारण त्या तिकडे बघतच नव्हत्या.

रविवार यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत माई गोठ्यात दहा-दहा वेळा जाऊन आल्या. बाईसाहेबच्या गळ्याखाली खाजवायच्या आणि तिला सांगायच्या, तुझा मालक दगड आहे, तो येईल माफी मागायला, बघ तू. मालक काही आला नाही. माईंना रडू यायचं आणि रडू आलं की जास्त राग यायचा, आणि राग आला की तोंडाचं कुलूप आणखी घट्ट व्हायचं. एकदा त्या गोठ्यातून निघाल्या तर दारात आप्पा उभे. हातात बाईसाहेबसाठी मक्याची चार कोवळी ताटं होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आप्पांनी घसा खाकरला, माईंनी वाट पाहिली, आणि आप्पा ताटं दारात ठेवून निघून गेले.

रविवारी दहाच्या सुमाराला व्यापारी आला. गोल पोटाचा, हसतमुख, खिशाला तीन पेनं. त्यानं बाईसाहेबच्या भोवती दोन चकरा मारल्या, दात बघितले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, गाय तर उमदी आहे, मग दूध कमी का? आप्पा छताकडे बघत राहिले. माई भिंतीकडे बघत राहिल्या. व्यापारी म्हणाला, आज मी बघितल्याशिवाय घेणार नाही, माझ्यासमोर पिळून दाखवा. आता व्यापारी येणार म्हणून सकाळची धार राहून गेली होती, कारण तारखेप्रमाणे पाळी माईंची होती आणि त्यांचा पायच गोठ्याकडे वळला नव्हता.

आप्पा बादली घेऊन दाराकडे बसले. माईही बादली घेऊन उठल्या, पण व्यापाऱ्यानं विचारलं की दुसरी बादली कशाला? सुनेनं सांगितलं, दोघं वेगवेगळं काढतात, अर्ध्या तासाच्या अंतरानं. व्यापारी म्हणाला, "अर्धा तास कोण थांबतंय इथे? मला आणखी दोन गाई बघायच्या आहेत. एकदमच बसा दोघं."

नाइलाज होता. माई आपली बादली बाजूला ठेवून भिंतीकडे बसल्या. एकोणीस दिवसांनी बाईसाहेबच्या पोटाच्या पल्याड त्यांना आप्पांचे पाय दिसले. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि त्यातली एक माईंचीच होती. एरवी यावर पाच मिनिटांचं भांडण झालं असतं. माईंनी ओठ घट्ट मिटले आणि सड धरले. आप्पांनीही धरले. आप्पांनी जरा जोर लावला, तो माईंना धारेच्या आवाजावरून कळला, मग त्यांनीही लावला. बाईसाहेबनं एकदा लांब श्वास सोडला, मागचे पाय सैल केले आणि रवंथ करायला लागली. आणि मग दूध उतरलं. चारी सडांतून जाड धारा सुटल्या, फेस वर चढत गेला, बादली भरत आली. गेल्या कितीतरी दिवसांत माईंच्या बोटांना अशी धार लागली नव्हती. त्यांना इतकं बरं वाटलं की गाय विकायला काढलीय हे क्षणभर त्या विसरल्या.

एका वेळेला साडेसहा लिटर निघालं. व्यापाऱ्यानं बादली उचलून पाहिली आणि विचारलं की मग कमी कोण म्हणतं? सुनेला आता राहवेना. तिनं दोन बादल्या, दोन वेळा, सम आणि विषम तारखा सगळं सांगून टाकलं. व्यापारी आधी नुसता ऐकत होता, मग पेंडीच्या पोत्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"अहो, गाईला हात लागला की ती पान्हा सोडते," तो डोळे पुसत म्हणाला, "पण तो पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात काढाल ते तुमचं. मग ती वर ओढून घेते. अर्ध्या तासानं कोणी गेलं तर त्याला काय मिळणार? आणि रोज मागे राहतं म्हटल्यावर तीही कमी करत जाणार. गाय बिघडली नव्हती, तुम्ही बिघडला होतात."

माईंना वाटलं की धरणी दुभंगावी. म्हणजे चोरी कोणीच केली नव्हती. आप्पांनी त्यांचे सड पिळले नव्हते आणि त्यांनी आप्पांचे नव्हते. बाईसाहेबचं दूध या दोघांच्या ताठ्यात जिरलं होतं.

व्यापारी मात्र खूश होता. इतकी चांगली गाय आणि असं साधं दुखणं, असा सौदा रोज थोडाच मिळतो? तो उठला, खिशातून विसार काढून आप्पांच्या पुढे केला आणि दुसऱ्या हातानं खुंटीवरचं दावं सोडायला लागला. आप्पांनी विसार घेतला नाही आणि नकोही म्हटलं नाही. ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या सासूला विचार, तिला काही म्हणायचंय का."

"मी नाही विचारणार," सून म्हणाली. "आज रविवार आहे. टपाल बंद."

रेडिओवर कुणीतरी कुठल्यातरी कारखान्याचे भाव सांगत होतं. दावं सुटलं. बाईसाहेब बिचारी शहाणी, तिला वाटलं पाण्यावर नेतायत, ती एक पाऊल व्यापाऱ्याच्या मागे चालली. तिच्या खुराचा आवाज झाला आणि माई पुढे झाल्या.

"अहो," माई म्हणाल्या.

आप्पांनी झटकन मान वर केली.

"दावं घ्या त्यांच्या हातातून."

आप्पांनी दावं इतक्या घाईनं हिसकावलं की व्यापारी पुन्हा पोत्यावर बसला. दावं दोन्ही हातांत धरून आप्पा उभे राहिले. "इतके दिवस लावलेस," ते म्हणाले. "मला वाटलं, आता गाय पण जाते आणि तू पण बोलत नाहीस."

माईंना कळायला दोन क्षण गेले. "म्हणजे तुम्ही मी बोलावं म्हणून बाईसाहेबला विकायला काढलीत?"

"मग काय करू? टॉवेलनं झालं नाही, रेडिओनं झालं नाही. तुला दुसरं कशाचं काही वाटत होतं का?"

"आणि मी तशीच गप्प राहिले असते तर?"

आप्पा बाईसाहेबच्या कानामागे खाजवत राहिले. माईंनी पाहिलं की त्यांचे डोळे भरून आले आहेत. त्यांना या माणसाचा इतका राग आला की आता वर्षभर बोलू नये, आणि इतकी दया आली की इथेच त्याच्या चपला नीट करून द्याव्यात. एवढ्याशा गोष्टीसाठी दोघांनी मिळून आपल्या जिवाचं जनावर जवळजवळ दाराबाहेर काढलं होतं. मीच गाढव, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि तुम्ही माझ्याहून मोठे, असंही म्हणाल्या. आप्पांनी दोन्ही मान्य केलं.

व्यापारी चहा घेऊन गेला. जाताना त्यानं सुनेला हळूच विचारलं, पुढे कधी यांचा अबोला झाला तर मला कळवाल का? सून म्हणाली, तार करते.

संध्याकाळी पाचला माई भिंतीकडे बसल्या, आप्पा दाराकडे, मध्ये बादली एकच. माईंचा राग गेलेला नव्हता. पण आता अबोला धरायचा म्हणजे बाईसाहेबचं दूध जाणार, तेव्हा राग तोंडानंच काढणं भाग होतं. त्यांनी अबोल्याच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. कोणत्या दिवशी आप्पा काय वागले, कसे बघितले, काय बोलायला हवं होतं आणि बोलले नाहीत, एकेक दिवस घेऊन त्या सांगत गेल्या. पल्याडहून आप्पा मध्ये मध्ये हं म्हणत होते, आणि त्या हंमध्ये पश्चात्तापापेक्षा समाधानच जास्त ऐकू येत होतं.

सातव्या दिवसापर्यंत आल्या तेव्हा बादली भरली. उरलेले बारा दिवस माईंनी सकाळच्या धारेसाठी राखून ठेवले.